उजवा कान आणि पाइपावरचे ठोके

“कानात टाकलेल्या तेलाची चव घशात आली का?” बीडच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टर मॅडमनी मला विचारलं.

“आली. लसणाची आली,” मी म्हणालो. यात काय विशेष, असं मला वाटलं.

मॅडमनी दिव्याची नळी माझ्या उजव्या कानाला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “टिम्पॅनिक मेंब्रेन परफोरेशन. कानाच्या पडद्याला भोक पडलंय. म्हणून तेल आतून घशात उतरलं. आता कानात काही म्हणजे काही टाकायचं नाही.” माझी बायको सुनंदा शेजारी बसली होती. लसूण घालून तेल तिनेच कढवलं होतं. तिचं तोंड एवढंसं झालं आणि मला उगीच डॉक्टरांचाच राग आला.

माझं काम पाण्याखालचं आहे. तेलगावच्या अंगाला धरणाच्या पाण्यावर आमच्या गावाची सहकारी उपसा संस्था आहे. शेतीचं आणि प्यायचं पाणी तिथूनच येतं. दुष्काळात पाणी मागे सरतं आणि पाइपाच्या तोंडाची जाळी गाळाने गच्च होते. तिथवर बुडी मारून दम पुरेना, म्हणून संस्थेने पाठीवर बांधायच्या हवेच्या टाकीचा जुना संच आणला. तो वापरायला शिकवायला कोकणातला एक माणूस आला होता. “सर्दी असताना उतरू नका, कानात बोळे घालू नका,” असं त्याने बजावलं होतं. पण समुद्रावरच्या माणसाला आमच्या विहिरींचं काय कळतंय, असं सगळ्या गावाचं मत पडलं. आमच्याकडे विहिरीत उतरणारा तेलाचा कापूस आणि वर मेण लावून कान बंद करतो. बापजाद्यांपासून तसंच चालत आलंय.

माझे बोळे रज्जाकभाई वळायचे. ते संस्थेच्या मोटारींचे मिस्तरी. मी खाली असलो की वरून दोरही तेच धरतात. पाण्याखाली हाक पोचत नाही, म्हणून ते पाइपावर पान्याने ठोकतात. एक ठोका म्हणजे बरा आहेस का, तीन म्हणजे वर ये. मी खालून दगडाने उत्तर देतो.

कान फुटला त्या दिवशी मला सर्दी होती, आणि गावाची टाकी कोरडी पडत आली होती. खाली जाताना उजवा कान ठणकायला लागला. नाक दाबून जोर केला तसं आत काहीतरी फाटलं आणि गार पाणी डोक्यात शिरल्यासारखं वाटलं. मग सगळं गरगर फिरायला लागलं. वर कुठे नि खाली कुठे, ते कळेना. मरणाला भ्यालो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी पाइपाला मिठी मारली. एका ठोक्याला माझं उत्तर गेलं नसावं, कारण इतक्यात रज्जाकभाईंचे तीन ठोके आले. ते मला कानाने नाही, दातांत जाणवले. पाइप धरूनच सावकाश वर आलो.

मॅडमनी त्याला नाव सांगितलं, बॅरोट्रॉमा, म्हणजे दाबामुळे झालेली इजा. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते, तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. त्या नळीतून हवा आत गेली की पाण्याचा दाब पडद्याला सोसतो. माझी ती नळी सर्दीने बंद होती. बाहेरून बोळ्याने दार लावलेलं, त्यामुळे बोळा आणि पडदा यांच्या मधल्या हवेचीही कोंडी झाली. बिचारा पडदा दोन्हीकडून अडकला.

“ऐकू येईल ना?” सुनंदाने विचारलं. मला ते विचारायचं धाडस झालं नव्हतं.

मॅडमनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे एक लोखंडी चिमटा, वाजवून माझ्या कपाळावर टेकवला. “कुठल्या कानात ऐकू येतंय?”

मला वाटलं, मॅडम माझी फिरकी घेताहेत. आवाज येत होता उजव्या, फुटक्या कानात. मी घाबरत घाबरत खरं ते सांगितलं. मॅडम हसल्या. “छान. आवाज हाडातून पोचतोय. आतली नस शाबूत दिसते.” नंतर एका बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री केली. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, अशी ती ऐकण्याची परीक्षा. तिच्यातही तेच निघालं. पडदा बहुतेक आपोआप भरेल, म्हणाल्या. कान कोरडा ठेवायचा, नाक जोरात शिंकरायचं नाही. आंघोळीला मात्र व्हॅसलीन लावून कापूस घाला, असंही सांगितलं. म्हणजे बोळा न्हाणीत चालतो, पाण्यात बुडताना नाही!

रज्जाकभाई घरी आले, तर चहालाही हात लावीनात. “बोळे म्याच वळले व्हते, बाळू,” एवढंच म्हणाले. मी त्यांना डाव्या बाजूला बसवलं आणि म्हणालो, “वर बी तुमीच आणलं की.”

कान अजून भरला नव्हता आणि संस्थेचे चेअरमन रज्जाकभाईंना घेऊन दारात आले. “एकदाच उतर, बाळू. टाकीत थेंब न्हाई.” उतरायचं शिकलेला गावात मी एकटाच. माणसं तहानलेली असताना घरी बसवत नाही. मी उठलोच होतो.

“उतरू द्या की,” रज्जाकभाई म्हणाले. “पर दोर दुसऱ्याला धराया सांगा. मी न्हाई धरणार.”

त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती मी जीव देणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमन चिडले, मीही चिडलो. शेवटी रज्जाकभाईंनीच मोटारीला दुसरा बारीक पाइप जोडला, त्याच्या तोंडाला रिकामे ड्रम बांधायला लावले आणि ते तोंड गाळाच्या वर तरंगत ठेवलं. बारीक धारेने का होईना, पाणी आलं. आमचा घसा भिजला आणि माझा कान वाचला.

पुढच्या एका तपासणीत मॅडम म्हणाल्या, “पडदा जुळलाय. नाक दाबून हळूच कानाकडे हवा सोडा.” मी सोडली. नळीतून बघत मॅडम म्हणाल्या, पडदा नीट हलतोय. तरीही त्यांनी आणखी थांबायला लावलं आणि मगच पाण्यात उतरायची परवानगी दिली. सुनंदाने लिंबागणेशला जाऊन गणपतीला नारळ वाढवला.

माझ्यासारखे पाण्यात उतरणारे हे वाचत असतील, तर सांगतो. कान दुखला की थांबा, थोडं वर या. सर्दीत उतरू नका. आणि दोर अशा माणसाच्या हाती द्या, जो वेळ आली तर दोर धरायला नाही म्हणेल.

परवा त्यानंतर पहिल्यांदा खाली गेलो. कान उघडे, नाक मोकळं. तळाशी पोचलो नाही तोच पाइपावर ठोका पडला. मी दगडाने उत्तर दिलं. लगेच पुन्हा एक, मग पुन्हा एक. मी प्रत्येकाला उत्तर देत राहिलो.

वर येऊन विचारलं, “सारखं कशापायी ठोकत व्हता?”

रज्जाकभाई दोर गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “काम कायबी नव्हतं. तुला ऐकू येतंय, ते ऐकत व्हतो.”