अंगठ्याला बसलेले दोनशे चाळीस व्होल्ट

दुसऱ्या फोटोला फ्लॅश पडला आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन काळा झाला. बटण दाबलं, बॅटऱ्या बदलल्या. काही नाही. जळका वास तेवढा आला.

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तीचे फोटो काढत होतो. परदेशातल्या मंडळाला ते ईमेलने आजच हवे होते, म्हणून माझा मित्र सलीम याचा डिजिटल कॅमेरा मागून आणलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. असा कॅमेरा मी पहिल्यांदाच हातात धरत होतो. सलीम दुबईला नोकरीला, सुटीवर आलेला. फ्लॅश माझा, पंधरा वर्षांचा.

"काय झाला हो?" मूर्ती रंगवणाऱ्या भाऊंनी विचारलं.

"मेला कॅमेरा."

पण खरा धक्का सलीमच्या दारात बसला. झालं ते सांगितलं, तसा तो मटकन ओट्यावर बसला.

"अरे, अब्बांचे फोटो हायत त्यात. छापायचे ऱ्हायलेत."

त्याचे अब्बा जाऊन बारा दिवस झाले होते. जन्मभर फोटोला नको म्हणणारा माणूस या सुटीत नातीला घेऊन बसला होता. अशा दिवसांतही सलीमने मला कॅमेरा द्यायला नाही म्हटलं नाही, आणि मी हे करून ठेवलं. मला तोंड वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही रोह्याला निघालो. कासू गेलं, नागोठणं गेलं, सलीमने कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला नाही. रोह्याचे मास्तर रेडिओपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं उघडून दुरुस्त करायचे. त्यांनी आधी फ्लॅशच मागितला, चालू केला आणि त्याच्या पायाशी असलेल्या, कॅमेऱ्याला टेकणाऱ्या पिनांना मीटर लावला. दोनशे चाळीस व्होल्ट!

"फिल्मच्या कॅमेऱ्यात तिथं नुसती धातूची पट्टी असते, ती सोसते," मास्तर म्हणाले. "यात नाजूक सर्किट हाय. पाच-सहा व्होल्टच्या वर देऊ नये. तुला कधी झटका नाय बसला?"

बसायचा की! रोज बसायचा. खाडीच्या खाऱ्या हवेने पिना गंजतात, म्हणून आम्ही पेणचे फोटोग्राफर थुंकी लावलेल्या अंगठ्याने त्या पुसायचो, तेही फ्लॅश चालू ठेवून. झटका बसला की समजायचं, फ्लॅश चार्ज झाला. मी चार जणांना हे शिकवलंसुद्धा होतं.

मास्तरांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. मग कॅमेऱ्याच्या बाजूचं झाकण उघडून काड्यापेटीएवढं चपटं कार्ड बाहेर काढलं. "फोटो यात असतात रे."

सलीमला हे ठाऊकच नव्हतं. दुकानदाराने घालून दिलेलं कार्ड त्याने कधी काढलं नव्हतं. मास्तरांच्या ओळखीच्या एका कंपनीत कार्ड रीडर होता. कॉम्प्युटरवर पहिला फोटो उघडला. अब्बा, मांडीवर नात, दोघंही बोळकं पसरून हसतायत. सलीम सगळ्यांसमोर रडला. मीही रडलो.

कॅमेरा मात्र सुधारला नाही. दुबईला परतताना सलीम स्टँडवर म्हणाला, "पुढच्या सुटीत नवा आणीन. लागला तर माग."

त्याने आणला आणि मी मागितलाही. मीटर लावल्याशिवाय फ्लॅश चढवायचा नाही, हे आता पाठ होतं. तरी माझा धीर होईना. शेवटी भाऊंना मूर्ती उचलून अंगणात, उन्हात आणायला लावली.