बावीस वाती

दिनकरचं कार्ड ठाण्याला आलं तेव्हा मी एका यजमानांच्या ओसरीवर पान लावत बसलो होतो. त्यांच्याकडे सप्ताह होता आणि दुपारची पंगत नुकतीच उठली होती. दोनच ओळींचं कार्ड. "आई मंगळवारी सकाळी शांतपणे गेली. तुमची आठवण काढली होती." अशी कार्डं वाचून फाडून टाकायची रीत आहे. मी फाडलं, विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि ओल्या पंच्यानिशी कठड्याला टेकून रडलो. पण खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. आज दीड महिना झाला, आता त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. दिनकरची आई, म्हणजे आमच्या यमुनाकाकू, जायच्या चार दिवस आधी मी त्यांना एक गोष्ट सांगून मोकळा झालो होतो. अकरा वर्षं ती माझ्या घशात अडकलेली होती. कार्ड आठवडाभर आधी आलं असतं तर... तो विचारही करवत नाही.

मी पेशाने पुराणिक. कल्याणात खाडीकडच्या आमच्या आळीतल्या देवळात चातुर्मासभर दुपारी पोथी सांगतो. वडीलही तेच करायचे. यमुनाकाकू आमच्या समोरच्या घरात राहायच्या. नात्याने कोणी नव्हत्या, पण माझ्या मुंजीचे लाडू त्यांनी वळले होते, त्यामुळे मला बोलायचा हक्क आपला आहे असं त्यांना वाटे. नवरा लवकर गेला. व्यापाऱ्यांकडून तांदूळ आणून निवडून द्यायच्या, त्यावर घर चाले. जीभ तिखट. एकदा मी वैराग्यावर चांगला तासभर रंगून बोललो, तर देवळातून निघताना म्हणतात कशा, "बुवा, वैराग्य छान झालं. पण तेवढ्यात तबकातल्या नारळांकडे चारदा बघितलंत." मला असा राग आला की दोन दिवस त्यांच्या दाराकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आंबोळ्या पाठवल्या. माझा राग नेहमी खाण्यापाशी संपतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दिनकर त्यांचा एकुलता एक मुलगा. घाटापलीकडे आगगाडीचा रस्ता पुढे पुढे चालला होता, तिथल्या कामावर जातो म्हणाला. आई नको म्हणाली. शब्दाने शब्द वाढला आणि हा भरल्या ताटावरून उठून गेला. वर्ष उलटलं तरी पत्र नाही, निरोप नाही. मग आषाढात काकूंनी नेम धरला. चातुर्मासात पोथीतली एकूण एक ओवी कानांनी ऐकायची, दर ओवीला एक वात वळायची आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्या सगळ्या वाती देवापुढे लावायच्या. पोरगा सुखरूप घरी यावा, एवढंच मागणं. देवळात बाकीच्या बायका भिंतीला टेकून पेंगायच्या. काकू खांबापाशी मांडी घालून बसायच्या, मांडीवर कापूस, पुढ्यात ताट. मी ओवी संपवून श्वास घेईपर्यंत त्यांची बोटं फिरायची आणि वात ताटात पडायची. अध्याय संपला की पोथीत छापलेला ओव्यांचा आकडा मी वाचून दाखवायचो आणि त्या वाती मोजायच्या. आकडा जुळला की दिनकरचं पत्र आल्यासारख्या खूश व्हायच्या.

भाद्रपदातल्या एका दुपारी अध्याय काही केल्या संपेना. मला ठाण्याला एका घरी जेवायचं बोलावणं होतं, श्रीखंडाचा बेत होता आणि गाडी गाठायची होती. पोथी शिळाछापाची, सुट्या पानांची. पानाच्या दोन्ही बाजू मिळून बावीस ओव्या. नुसती स्तुतीच चालली होती, कथा काही पुढे सरकत नव्हती. मी दोन पानं एकदम उचलली... त्यातलं एक न वाचताच पालथं पडलं. कुणाला कळणार होतं? पण वर्षानुवर्षांची सवय. तोंडातून शेवटची ओळ छापली होती तशी बाहेर पडली, "ओव्या दोनशे चौदा." पान गाळणाऱ्याने आकडाही गाळावा, एवढीसुद्धा अक्कल मला सुचली नाही.

काकूंनी वाती मोजल्या. परत मोजल्या. "बावीस कमी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "माझा डोळा लागला वाटतं, बुवा. लेकासाठी बसले आणि झोपले." तेवढ्यात लांबून इंजिनाची शिटी ऐकू आली. मी नुसतं "हूं" केलं आणि पोथी बांधली. माझं सगळं पाप त्या एका हुंकारात आहे.

दुसऱ्या दिवशी काकू खांबाला धरून उभ्या. मी म्हटलं, बसा की. तर म्हणाल्या, "बसलं की झोप येते. उभ्याने कोण झोपतंय?" अध्यायभर तशाच, एका हातात ताट, खांद्यावर कापसाचा पेळू. राहिलेल्या ओव्या पुन्हा वाचतो म्हणायचीही सोय नव्हती. त्या कुठल्या होत्या हे मला कसं ठाऊक, असं कुणीही विचारलं असतं. तो चातुर्मास त्यांनी उभ्याने काढला. पुढचाही. नंतरचे सगळेच. दुपार झाली की मी पोथी सोडायचो आणि समोर ते दोन सुजलेले पाय दिसायचे.

त्या चिडल्या असत्या, कुरकुरल्या असत्या, तर मला जरा बरं वाटलं असतं. पण त्यांची तऱ्हाच निराळी. एकदा ओहोटीच्या वेळी आम्ही दोघं खाडीवरून येत होतो. होड्या चिखलात कलंडलेल्या, तांडेल शीड शिवत बसलेले. मी विचारलं, काकू, वाट बघून थकत नाही का तुम्ही? त्यांनी होड्यांकडे बोट दाखवलं. "त्यांना कोणी ढकलतंय का बघा. पाणी येणार हे माहीत आहे, म्हणून तोवर शिवून घेतायत. मी वाती वळते." दुसऱ्या एका दिवशी त्या तांदूळ निवडत होत्या आणि मी कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत होतो. मान वर न करता म्हणाल्या, "खडाच शोधायला बसलं तर सूपभर खडेच दिसतात, बुवा. मी तांदूळ बघते, खडा आपोआप बोटाला लागतो." ते वाक्य मी पुढच्याच आठवड्यात कथेत घातलं. लोकांनी माना डोलावल्या. काकू खांबापाशी गालातल्या गालात हसल्या आणि नंतर एवढंच म्हणाल्या, "माझाच तांदूळ मला वाढलात." तीस वर्षं मी ग्रंथातून जे सांगत आलो, ते या बाईला सुपात आणि चिखलात सापडायचं. मला त्यांचा हेवाही वाटे.

दिनकर आला, पण दोन वर्षांनी. हिवतापाने पार खंगलेला, तिकडच्या छावणीत महिनोन् महिने पडून होता म्हणे. काकूंनी त्याला उभा केला, त्याचं लग्न लावलं, नातू मांडीवर घेतला. सगळं चांगलं झालं. पण मला एकदा म्हणाल्या, हसत हसतच, "बावीस वाती कमी पडल्या ना, म्हणून वेळ लागला. माझ्या झोपेची शिक्षा पोराने भोगली." हसत होत्या, पण नजर दुसरीकडे होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. बोललो नाही. आळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पुराणिकपण जाईल, असलं काहीबाही मनात आलं. भित्रा होतो, दुसरं काय.

यंदा वैशाखात काकू अंथरुणाला खिळल्या. दिनकरने निरोप आणला की आई पोथी ऐकायची म्हणते. मी सकाळी गेलो, त्यांच्या उशापाशी बसलो, पोथी सोडली. आणि बघतो तर त्या भिंतीला हात लावून उठायला लागलेल्या.

"अगं आई, पडूनच ऐक ना," दिनकर म्हणाला.

"नको रे. झोप लागेल. एकदा लागली तेवढी पुरे झाली."

अर्ध्या उठल्या होत्या, पाय लटपटत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "काकू, आधी बसा. तुमचा डोळा लागला नव्हता. मी पान गाळलं होतं. मला जेवायला जायचं होतं."

दिनकर माझ्याकडे बघतच राहिला. काकू खाली बसल्या. आता शिव्याशाप येणार म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे मी जागी होते?"

"टक्क जाग्या होतात."

"याच्यासाठी बसले होते तेव्हा?"

"हो काकू."

त्यांनी दिनकरचा हात ओढून मांडीवर घेतला. रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. "ऐकलंस ना रे? मी झोपले नव्हते." चारदा तेच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अकरा वर्षं पाय मोडलेस की रे माझे, मेल्या." जन्मात पहिल्यांदा मला अरे म्हणाल्या. "श्रीखंड तरी चांगलं होतं का?"

"आठवत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"मग काय उपयोग. वाच आता ते पान."

त्यांनी कापूस मागितला आणि आडव्या झाल्या. मी एकेक ओवी सावकाश म्हणत गेलो, त्या तळव्यांवर वात वळत गेल्या. सतरा झाल्या. अठराव्या ओवीला मी वातीसाठी थांबलो तर वात येईना. काकूंना झोप लागली होती. तोंड जरासं उघडं, कापूस मुठीत. ती अठरावी धरून उरलेल्या पाच ओव्या मी झोपलेल्या बाईला ऐकवल्या, एक अक्षरही न गाळता.

ठाण्याहून परतल्यावर दिनकरने त्या सतरा वाती आणि उरलेला कापूस माझ्या हातावर ठेवला. राहिलेल्या पाच मी वळल्या. सकाळ गेली त्यात. एक जाड, एक बारीक, एक मध्येच सुटलेली, पण झाल्या. बावीसच्या बावीस पोथीत त्याच पानापाशी ठेवल्या आहेत, त्रिपुरीला लावायच्या. परवा आषाढी एकादशी. देवळातल्या त्या खांबापाशी मी आजच एक पाट मांडून आलो. काकूंची जागा म्हणून तो कोणी अडवून ठेवायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं आहे. जिला झोप येईल तिने तिथे खुशाल बसावं.