घाम येतोय म्हणजे ठीक आहे

१८ एप्रिल. पहाटे साडेचार. काम: बेचाळीस पाण्याच्या बाटल्या तपासणे.

मी तेव्हा निमलष्करी दलात सब-इन्स्पेक्टर होते. मावळातल्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात महिला रिक्रूटांची उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक. वीस वर्षं राज्याबाहेर काढल्यावर घराजवळ पोस्टिंग मिळालं होतं. माझं गाव बेडसे. लेण्यांच्या पायऱ्या धावत चढूनच मी भरतीची तयारी केली होती, त्यामुळे इथल्या चढांचं मला कौतुक नव्हतं. रिक्रूटांना होतं.

त्या दिवशी आंदर मावळात सोळा किलोमीटरचा रूट मार्च होता. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, कमरेला एक लिटरची बाटली. बाटली तपासण्याची पद्धत ठरलेली. झाकण उघडायचं, पाणी काठापर्यंत आहे का पाहायचं, पुढे जायचं. बेचाळीसच्या बेचाळीस भरलेल्या होत्या. मी वहीत तशी नोंद केली आणि सही केली. ती सही पुढे मला फार खुपली.

सत्तावीस नंबरची रिक्रूट अश्विनी. जालन्याची, वय एकवीस. नेमबाजीत पहिली, ड्रिलमध्ये पहिल्या तिघींत. तिची एकच गोष्ट बॅरकमध्ये चर्चेची होती. तिच्या काखेत घाम यायचा, आणि तो आपल्याला येतो तसा नव्हे. जानेवारीच्या थंडीत, लेक्चरला नुसतं बसलेली असतानाही खाकी शर्टाला काखेपासून बरगडीपर्यंत काळे ओले डाग पडायचे. पोरी त्याला नकाशा म्हणायच्या.

"सत्तावीस, आज कुठला जिल्हा?"

"आज अख्खा मराठवाडा आहे बघ."

"मराठवाड्यात एवढं पाणी असतं तर मी कशाला इथं आले असते?" अश्विनी म्हणायची.

उत्तर तयार असायचं, म्हणून मला वाटलं तिचं चाललंय ठीक. हा माझा अंदाज चुकला. ती हात खाली दाबून चालायला लागली होती. सलामीचा हात वर जाताना खांदा आखडायचा. महिनाभरावर पासिंग आउट परेड होती आणि राइट मार्कर, म्हणजे जिच्यावरून सगळी रांग सरळ धरली जाते ती मुलगी, निवडायची होती. हवालदार सावंतांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "राइट मार्करचा टर्नआउट कोरडा पाहिजे, वर्दीवर डाग नको. पहिला फोटो तिचाच निघतो." सावंत वाईट माणूस नव्हते. बोलताना समोर कोण उभं आहे हे बघत नसत, एवढंच.

सव्वापाचला मार्च निघाला. पहिले सात किलोमीटर वेळेत झाले. आठ वाजता ऊन चढलं. वारा नव्हता. डाव्या हाताला नांगरून ठेवलेली भातखाचरं, उजव्या हाताला उघडा डोंगर, सावली कुठेच नाही. मी कॉलमच्या शेवटी चालत होते, कारण जो मागे पडतो तो उस्तादाच्या नजरेत राहिला पाहिजे.

नऊ वाजून दहा मिनिटांनी, अकराव्या किलोमीटरला, अश्विनी रांगेतून बाहेर आली. पडली नाही. फक्त रस्ता सोडून खाचराकडे चालायला लागली. सावंतांनी तिला दंडाला धरून बांधावर बसवलं. तिच्या शर्टातून घाम अक्षरशः गळत होता.

"काही नाही, ओव्हाळ उस्ताद," सावंत मला म्हणाले. "घाम येतोय म्हणजे ठीक आहे. ऊन लागलं की अंग कोरडं पडतं. हिला तर रोजच येतो."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणण्यापेक्षा, मी स्वतः बोलले होते.

त्याच्या वीस वर्षं आधीची गोष्ट. रेखा आणि मी एकाच दिवशी भरती झालो. ती आंदर मावळातल्या डोंगरावरच्या वाडीची, मी बेडशाची. दोघी मावळच्या, म्हणून सगळे आम्हाला जोडी म्हणायचे. पहिलं पोस्टिंग सपाट, तापलेल्या मुलखात. सकाळपासून रस्त्यावर पहारा. रेखाच्या काखेत असाच घाम यायचा, आणि ती तो लपवायला असेच हात दाबून चालायची. एका दुपारी ती बाभळीखाली बसली. सेक्शन कमांडरने मला विचारलं, "तुझी जोडीदार आहे. काय झालंय तिला?" मी म्हणाले, "काही नाही सर. तिला नेहमीच एवढा घाम येतो." त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. रेखा हॉस्पिटलपर्यंत पोहोचली नाही. तिचं सामान स्टोअरमध्ये जमा करायचं काम माझ्याकडे आलं. पाण्याची बाटली उचलली तर जड लागली. ती भरलेली होती.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

मी अश्विनीसमोर उकिडवी बसले. "नंबर बोल."

"एकोणचाळीस."

"नाव?"

तिने नाव सांगितलं. शाळेत हजेरी देतात तसं, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाली, "बाई, खिडकी उघडा ना."

मी तिच्या कमरेची बाटली काढली. झाकण उघडलं. पाणी काठापर्यंत होतं, पहाटे साडेचारला पाहिलं होतं तेवढंच. मानेला हात लावला. घामाने ओली आणि तव्यासारखी गरम.

"हीट स्ट्रोक," मी म्हणाले. "सावंत, वायरलेस सेट द्या."

"पण घाम तर..."

"सेट द्या."

सेट हातात आला. "बेस, बेस, मार्च वन. ओव्हर."

"बेस. सेंड. ओव्हर."

"वन कॅज्युअल्टी. हीट स्ट्रोक. अकराव्या किलोमीटरच्या पुढची वाडी, गुरांच्या डोणीजवळ. अँब्युलन्स आणि बर्फ. ओव्हर."

"शुद्धीवर आहे का? ओव्हर."

"बोलते, पण भलतंच. ओव्हर."

"अँब्युलन्स रवाना. चाळीस मिनिटं. आउट."

चाळीस मिनिटं थांबायचं नव्हतं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. वाडी दीडशे पावलांवर होती. चौघींनी तिला उचललं. गुरांना पाणी पाजायची लांबट दगडी डोण चिंचेखाली होती. चालता चालता मी कात्रीने तिचा शर्ट कापला, आणि तेव्हा उलगडा झाला. आत दोन बनियन, आणि त्यांच्यामध्ये काखेपासून छातीभोवती घट्ट गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद, वर चिकटपट्टी. डाग बाहेर दिसू नये म्हणून. ते सगळं कापून काढलं. पोरींनी चादर धरून आडोसा केला, आणि आम्ही तिला बुटांसकट डोणीत बसवलं.

डोणीत पाणी अर्धंच होतं. काठावर एक म्हातारे आबा बसले होते.

"आवं बाई, गुरांचं पानी हाय त्ये."

"गुरांचंच चालेल, आबा. पण अजून लागेल."

त्यांनी आडोशाकडे पाठ फिरवून विचारलं, "ऊन लागलंय व्हय? मग बराबर केलंसा. म्हशीला लागलं तर आमी असंच करतो. पर म्हस दावं तोडती, ही गप बसलीया." मग वाडीकडे तोंड करून हाक दिली, "आगं, हंडं आना गं. पोरगी जाती हितं."

एप्रिलमधला हंडा म्हणजे काय, हे आंदर मावळात सांगावं लागत नाही. डोंगराखालच्या विहिरीवरून तीन-तीन खेपा करून भरलेलं पाणी. पाच बायका आल्या आणि एकामागून एक हंडे डोणीत रिकामे केले. मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला प्यायला ठेवा."

"न्हाई ठेवत," त्यातली एक म्हणाली. "पानी काय, सांच्याला आनू परत. तू हात चालव."

आम्ही हात चालवले. डोक्यावर पाणी, मानेवर ओला कपडा, पिठ्ठूच्या पुठ्ठ्याने वारा. सावंत कुणी न सांगता विहिरीकडे दोन हंडे घेऊन पळाले होते. पाणी तोंडात ओतायचं नाही, असं मी पोरींना दोनदा बजावलं. शुद्ध नसलेल्याला पाजलं तर ते श्वासात जातं.

नऊ अठ्ठेचाळीसला मी पुन्हा विचारलं, "नंबर बोल."

"सत्तावीस, उस्ताद." मग इकडेतिकडे बघून, "मी म्हशींच्या डोणीत का बसलेय?"

आबा म्हणाले, "पाव्हणी हायेस म्हनून."

दहा वाजायला दोन मिनिटं कमी असताना अँब्युलन्स आली. तिला लोणावळ्याच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पहिल्या अर्ध्या तासात जे केलं त्यानेच ती वाचली. सावंत कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "घाम येतोय म्हणजे ठीक, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं."

"मलाही," मी म्हणाले. "उद्यापासून आपण ते शिकवायचं नाही."

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या मेडिकल ऑफिसर मॅडम तिच्या पलंगाशी बसल्या. मी बाहेर जायला निघाले तर अश्विनी म्हणाली, "उस्ताद, थांबा." म्हणून मी थांबले. जे ऐकलं ते सांगते, कारण तुमच्याही घरात अशी कुणी असेल.

"पाणी का प्यायली नाहीस?"

"पाणी प्यायलं की घाम येतो. आदल्या संध्याकाळपासूनच बंद केलं होतं."

"काखेतला घाम पाण्याने वाढत नाही, अश्विनी. काही जणांच्या नसा घामाच्या ग्रंथींना गरजेपेक्षा जास्त ऑर्डर देतात, बस. अस्वच्छपणा नाही, भित्रेपणाही नाही. कधीपासून आहे?"

"आठवीपासून. आत्यालाही आहे."

"दोन्ही बाजूंना सारखाच? झोपेत?"

"दोन्हीकडे. झोपेत नाही."

"मग नमुना ओळखीचाच आहे. अचानक सुरू झाला असता, झोपेत अंथरूण भिजलं असतं, वजन उतरलं असतं, तर मी दुसरे आजार शोधले असते. तरी थायरॉइड तपासून घेऊ. आतापर्यंत काय लावलंस?"

"डिओ. मग फिटकरी. पहाटे केस काढून लगेच, परेडच्या आधी."

मॅडमनी काखेतलं लाल पुरळ पाहिलं आणि हसल्या. "फौजी सगळं वर्दी चढवताना करतो. हे वर्दी उतरवल्यावर करायचं काम आहे. डिओ वास झाकतो, घाम थांबवत नाही. पुरळ आधी बरं होऊ दे. मग ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन देते. झोपताना, काख पूर्ण कोरडी करून लावायचं. झोपेत घाम नसतो, तेव्हाच औषध आत बसतं. सकाळी धुऊन टाकायचं. केस काढले त्या दिवशी लावायचं नाही. जळजळ झाली तर एक दिवस सोडायचं. फरक पडला की आठवड्यातून एकदोनदा पुरतं. नाही पडला तर पुढचे उपाय आहेत, ते माझ्यावर सोड."

"आणि काख बंद झाल्यावर परत ऊन लागलं तर?"

"अंग थंड ठेवायला बाकीचं सगळं शरीर आहे. दोन काखांवर फौज चालत नाही."

दहा दिवसांत पुरळ गेलं. त्यानंतर लोशन सुरू झालं. आठवडाभर ती म्हणत होती, काही फरक नाही. मग एका दुपारी लेक्चर संपल्यावर तिने दोन्ही हात वर करून आळस दिला. संपूर्ण वर्गासमोर. मागून आवाज आला, "सत्तावीस, जिल्हा कुठे गेला?"

"बदली झाली त्याची," अश्विनी म्हणाली.

घाम शून्य झाला नाही. उन्हात अजूनही रुपयाएवढा डाग पडायचा. तिला त्याचं काही वाटेनासं झालं, हा त्यातला मोठा फायदा. राइट मार्कर निवडताना सावंतांनी स्वतः तिचा नंबर पुकारला. डॉक्टरांनी फिट लिहिल्यावर तिने राहिलेला रूट मार्चही पूर्ण केला, सोळाचे सोळा किलोमीटर, पहिल्या पाचांत. त्या वाडीपाशी कॉलम दहा मिनिटं थांबवला. आबांनी डोणीकडे बोट दाखवून विचारलं, "बसतीयास का?" पोरी खाली बसून हसल्या.

तोपर्यंत बाटली तपासायची पद्धतही बदलली होती. निघताना भरलेली बाटली आता कुणी मोजत नाही. दर चार किलोमीटरला कॉलम थांबतो, सगळ्या पाणी पितात आणि बाटली उलटी धरतात. जिच्या बाटलीतून पाणी सांडेल, ती उस्तादासमोर येऊन पिते. मग पाण्याच्या गाडीवरून पुन्हा भरायची. सावंत याला रेखा ड्रिल म्हणतात. अश्विनी हॉस्पिटलात होती त्या रात्री मी त्यांना रेखाबद्दल सगळं सांगितलं होतं.

परेडच्या दिवशी अश्विनीने सलामीला हात उचलला तेव्हा खांदा आखडला नाही. कोपर जिथे हवं तिथे गेलं. रांग तिच्यावरून सुतासारखी सरळ झाली. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली रांग.

आमच्या स्मृतिस्तंभावर चकमकीत पडलेल्यांची नावं आहेत. रेखाचं नाही. उन्हाने गेली, म्हणून तिच्या कागदावर फक्त ड्युटीवर मृत्यू असं लिहिलंय. परेडनंतर मी स्तंभासमोर उभी राहिले, सॅल्यूट केला आणि ठरवलं की एक काम उरकून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावहून सहाची एसटी पकडली. शेवटच्या थांब्यापासून दीड तास चढ चालून रेखाच्या वाडीवर पोहोचले. तिची आई अंगणात नाचणी पाखडत होती. मी बसले आणि सरळ सांगितलं. त्या दिवशी मला विचारलं होतं. मी म्हणाले होते, तिला नेहमीच एवढा घाम येतो. मग अश्विनीचं सांगितलं, आणि ड्रिलचं.

मावशींचं सूप थांबलं.

"लहानपनापास्नंच लय घाम तिला," त्या म्हणाल्या. "मीबी तेच म्हनायची. कामाची पोरगी हाय, घाम यायचाच." मग उठल्या. "त्या जालन्याच्या पोरीचं कसं हाय आता?"

"काल परेडमध्ये पुढे उभी होती."

"बरं झालं."

त्यांनी आतून तांब्या आणून माझ्यासमोर धरला. "लांबनं चालत आलीस. पी आदी."

मी सगळं पाणी प्यायले आणि तांब्या अंगणात उलटा धरून त्यांना दाखवला.