काळी पोत

मी नगरकडची, बाजरीवर वाढलेली. मिशननं मला कोकणातल्या कर्जतजवळ, कोंडाणे लेण्यांखालच्या एका ठाकरवाडीत शिकवायला धाडलं तेव्हा मी फक्त घाट उतरले होते, समुद्र ओलांडला नव्हता. पण माझ्या लेखी तो परदेशच. तिन्ही त्रिकाळ तांदूळ, पाय सोडायला तयार नसलेला चिखल, आणि माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बाया. पहिला पावसाळाभर मी देवाशी रोज भांडले. मग त्यानं मला एक ठाकरीण दिली, तेव्हा कुठे आमचं दोघांचं जमलं.

ती शेजारच्या झोपडीतली. माझ्याहून वयानं मोठी, पोरबाळ नाही, जिभेला हाड नाही. सकाळी द्रोणात करवंदं नाहीतर रानभाजी घेऊन यायची, आणि काही नसलं तर नुसतंच भांडण. तांदळाची भाकरी थापायला तिनंच मला शिकवलं. माझी भाकरी तव्यावर फाटली की म्हणायची, "बाय गं, तुज्या देवानं पाच भाकरीत सगला गाव जेवविला म्हनतेस, मंग तुला यक थापाया नाय शिकीवली?" मी चिडायचे, मग दोघी पोट धरून हसायचो. तिचा नवरा कुडाबाहेर बसलेला असे. काय झालं हे न विचारता तोही तेवढंच हसे. माझी खरी सेवा म्हणाल तर ती ही सकाळ होती. शाळा नंतर भरायची.

एक दिवस ती म्हणाली, "मला बी ते तुमचं पानी घाल."

"का गं?"

"तू मेलीस की तुज्या देवाकडं जाशील. तितं तुला भाकरी कोन थापून देल?"

नवऱ्याला विचारलंस का म्हटलं, तर तोच कुडाबाहेरून म्हणाला, "जाऊंदे की तिला. मी येतो मागनं." वाडीतल्या जाणत्यांना मात्र हे मुळीच रुचलं नाही.

बाप्तिस्मा द्यायला मिशनचे गोरे साहेब आले. कर्जतपासून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतलेली, त्यामुळे आधीच वैतागलेले. ठाकरणीच्या गळ्यात मण्यांच्या माळाच माळा, आणि त्यांत नवऱ्याच्या नावाची काळी पोत. साहेबांना सगळे मणी सारखेच. हे गळ्यात ठेवून प्रभूकडे येता येत नाही, म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं, "बाकीच्या माळा हव्या तर काढा, पण काळ्या पोतीला हात लावू नका. ती फक्त नवरा मेल्यावर तोडतात. आणि तिचा नवरा हा काय, समोर उभा आहे." साहेब गोड हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. "म्हणूनच तोडायची, बाई. ती भीतीच मोडायची आहे." ठाकरणीला आमचं बोलणं ओ की ठो कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मी तिला सांगायला वळले, तोवर त्यांनी कात्री चालवली होती.

मणी सारवलेल्या अंगणात सांडले. एका म्हातारीनं गळा काढला, आणि मग सगळ्याच बाया रडू लागल्या, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन. तो बायकोचा सण म्हणून नवं मुंडासं बांधून आला होता. "मी हाय ना रं! ह्यो काय मी!" असं एकेकाचा हात धरून सांगू लागला. ज्याचा हात धरी तो झटकून टाकी. जाणत्यांच्या पोटात राग होताच, त्यांना आयतं निमित्त मिळालं. बायको रांडाव झाली म्हणजे हा मेला, आणि मेलेल्याला वाडीत जागा नाही, असं त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं. साहेबांनी मला विचारलं, या बाया किती सुंदर गात आहेत, हे कोणतं गाणं?

नवरा खोपोलीला मजुरीला गेला. ठाकरीण माझ्याकडे राहायला आली, बांगड्या फोडून, कपाळ पुसून. भाकरी थापायची, पण मुक्यानं. मी मुद्दाम वेड्यावाकड्या भाकऱ्या करून बघितल्या. तिनं एकदाही टोमणा मारला नाही.  शेवटी मी कर्जतच्या बाजारातून नवी काळी पोत आणली आणि तिच्या नवऱ्याला निरोप धाडून बोलावून घेतलं.

तो येऊन अंगणात उभा राहिला. मी आत जाऊन पोत तिच्या हातात दिली. म्हटलं, "बांधून घे त्याच्याकडून. वाडी नाही तर नाही, इथं मिशनच्या जागेत राहा दोघं. जाणत्यांशी मी भांडते."

तिनं मणी बोटांनी चाचपले. "बारीक हायत. चांगलं हायत." मग पोत माझ्या तळहातावर परत ठेवली. "नवरा मेल्यावर नाय घालत गं बाय. तू बी व्हतीस की तितं."

ती चुलीपाशी जाऊन भाकरी उलटू लागली. बाहेर तिचा नवरा मुंडासं हातात घेऊन उभा होता, आणि तिनं निदान वळून बघावं म्हणून मोठमोठ्यानं खोकत होता.