दुखानच्या समुद्रातला मालवणी नारळ

दोह्याला विमानातून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत कोकमं, तिरफळं, घरचा मसाला आणि दोन असोले (न सोललेले) नारळ होते. कस्टमवाल्याने एक नारळ कानाशी धरून हलवला आणि भुवया वर केल्या. मी ठणकावून सांगितलं, "एक घर के लिए, एक समुंदर के लिए!" तो हसला. "यल्ला, मामा, यल्ला," (चला आई, पुढे व्हा) म्हणत त्याने मला सोडलं.

ऐंशी-एक्याऐंशीचा तो हिवाळा. माझ्या सुमनला पाचवा महिना लागला होता आणि पोटात अन्न ठरत नव्हतं, म्हणून मी मालवणहून निघाले. जावई श्रीधर दोह्याहून तास-दीड तासावर, समुद्राकाठच्या दुखानला तेलकंपनीत इंजिनियर. रस्त्याच्या दोन्हीकडे पिवळा माळ, मध्येच चार उंट, आणि झाड दिसलं तर हात जोडावेत अशी परिस्थिती! गाडी चालवता चालवता जावई म्हणाले, "आई, तिला फक्त तुमच्या हातचं माशाचं सार हवंय. बाजारातून बर्फातला मासा आणला, तर वासानेच उलटी झाली."

सुमनला दारात पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. डोहाळे अपुरे ठेवू नयेत म्हणतात, आणि इथे तर पोरगी उपाशी.

"समुद्र दाराशी, आणि घरात ताजा मासा नाही?" मी विचारलं.

सुमन ओशाळून हसली. "अगं, हे दर शुक्रवारी मासे धरतात. आणि सोडून देतात."

जावई पुण्याचे, ज्यांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही असे. त्यांच्या इंग्रज साहेबाने मायदेशी जाताना त्यांना लवचिक काठी दिली आणि गळाला पिसांची खोटी माशी बांधायला शिकवलं. "जवळून बघायला मिळतो ना, आई," ते म्हणाले. "मारायचा कशाला?" दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं!

शुक्रवारी सकाळी मीही त्यांच्याबरोबर निघाले. तिथला समुद्र बघून मला हसूच आलं. लाट नाही, गाज नाही, परातीत ओतल्यासारखं पाणी. जावई गुडघाभर पाण्यात जाऊन खांबासारखे उभे राहिले. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "तिथे पाणी थरथरतंय ना? तो कळप." मलाही दिसला. त्यांनी काठी उचलली आणि मला एकदम आठवलं, दर्याला नारळ द्यायचा राहिला! आमच्याकडे त्याशिवाय कुणी जाळं टाकत नाही. मी हळदकुंकू लावलेला नारळ काढला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला.

धप्प! कळप क्षणात पसार.

"आई!" जावयांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"आई काय? दर्याला विचारल्याशिवाय त्याच्या लेकरांना हात लावायचा?"

"आता बराच वेळ काही यायचं नाही."

"मग थांबू," मी म्हटलं आणि वाळूत फतकल मारली. आयुष्यात मी कधी नुसती बसले नव्हते. पण बसले, आणि दिसू लागलं. एक कुर्ली (खेकडा) बिळातून डोळे काढून माझा अंदाज घेत होती. बगळा पाय उचलायचा आणि ठेवायला विसरायचा. माझा नारळ तिथल्या तिथे डुलत होता. त्याच्या सावलीत आधी माशांची बारीक पोरंसोरं जमली, मग त्यांच्यामागे काहीतरी रुपेरी वळलं.

"जावईबापू, नारळाखाली बघा!"

"शेरी (इकडचा चवदार मासा)!" ते पुटपुटले. दोरी हवेत वळसा घेऊन गेली, पिसांची माशी नारळाशेजारी अलगद टेकली आणि काठी वाकली.

त्यांनी सवयीने हात ओले केले, गळ सोडवला, मासा पाण्यातच धरला. नेहमी इथेच सोडायचे. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, पण ज्याने मुंगी मारली नाही त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? ते कितीतरी वेळ माशाकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांत धरून बाहेर आले आणि तोंड फिरवून तो माझ्या पिशवीत ठेवला.

"पुढचं तुम्ही करा, आई. मला बघवायचं नाही."

दुसरा नारळ फोडला, सार केलं. तिरफळाच्या वासावर सुमन आपणहून स्वयंपाकघरात आली. दोनदा भात मागून घेतला. आणि अन्न ठरलं. समोर जावई दहीभात पुढे घेऊन बसले होते. पाण्यात उभे राहायचे तसेच, जराही न हलता, तिचं जेवण बघत होते. पोरगी योग्य घरी पडली, असं मला त्या क्षणी वाटलं आणि पदर डोळ्यांना लावावा लागला.

सातव्या महिन्यात सुमनला बाळंतपणाला घेऊन मी मालवणला परतले. अख्खा जन्म या समुद्राकाठी गेला, पण समुद्र बघायला मला शिकवलं ते मासा न खाणाऱ्या माणसाने.

नारळी पौर्णिमेला नारळ टाकून सगळे माघारी वळले. मी उभीच. नातीला कुशीत घेऊन सुमन म्हणाली, "आई, चल ना. काय बघतेस?"

"थांब गो जरा," मी म्हटलं. "नारळाखाली कोण येतं ते बघू दे."