किटलीला उत्तर

तिला सगळे वकील म्हणायचे. शिकत होती कॉम्प्युटर, पण शाळेत असताना अर्ध्या मार्कासाठी तिने बाईंशी एवढा वाद घातला होता की बाईंनी मार्क दिला आणि वर हात जोडले. ते नाव शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर कॉलेजात आलं आणि हॉस्टेलभर झालं. घरात मात्र दुसरं कुणी असं नव्हतं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे आणि गरजेपुरतं बोलायचे. आई दवाखान्यात चौकशीच्या फोनवर बसायची. दिवसभर लोकांचं ऐकून ती इतकी मुरली होती की घरचा फोनसुद्धा ‘हं, बोला’ म्हणूनच उचलायची.

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून वकील निवडून आली ती भाषणांमुळे नव्हे. तिची खोली बाथरूमच्या शेजारी, कॉरिडॉरच्या टोकाला होती. घासलेले दात आणि ओले केस घेऊन मुली तिथून जायच्या आणि जाता जाता दारात थांबायच्या. गरम पाणी येत नाही, लायब्ररी लवकर बंद होते, प्रोजेक्टचे गाइड भेटतच नाहीत. वकील म्हणायची, “मेसेज करून ठेव. मी वर बोलते. नाव माझ्या पोटात.”

हे ती नुसतं बोलायची नाही. प्राचार्यांसमोर बसली की तक्रार सांगायची, पण कुणाची ते सांगायची नाही. प्राचार्य चिडायचे, “अहो, हवेत चौकशी करू का मी?” तरी तिच्या तोंडून नाव निघायचं नाही. बोलताना भीती वाटते अशी माणसं तिच्या दाराशी यायची ती एवढ्याच भरवशावर.

मग किटल्यांचं प्रकरण झालं.

हॉस्टेलमध्ये इलेक्ट्रिक किटलीला बंदी होती, म्हणजे ती सगळ्यांकडे होती. एके दिवशी रेक्टरबाई वरच्या मजल्यावर आल्या आणि बरोबर ज्यांच्याकडे होत्या त्याच खोल्यांत शिरल्या. गादीखालून, बादलीतून, एकीच्या तर घडी घातलेल्या स्वेटरमधून त्यांनी किटल्या बाहेर काढल्या. संध्याकाळी कॉलेजच्या ‘भिंत’ नावाच्या पानावर एक पोस्ट आली. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. फोटोच्या जागी किटलीचं चित्र होतं.

‘रेक्टरला खोल्या कुणी सांगितल्या? सगळ्यांची गुपितं पोटात ठेवणारीने पोट कुठे रिकामं केलं? विचारा आपल्या वकीलसाहेबांना.’

त्या खात्याला सगळे किटलीच म्हणू लागले.

वकीलने ते वाचलं आणि तिला, खरं सांगायचं तर, हुरूप आला. तिच्या लेखी ही प्रोग्राममधली चूक होती. चूक कुठे आहे ते शोधायचं, दुरुस्त करायची, पुढे जायचं. ती वायरमनकाकांकडे गेली. वरच्या मजल्याची लाइन सारखी उडत होती म्हणून त्यांनी प्रत्येक खोलीतला सॉकेट तपासला होता आणि जळके सॉकेट कुठे आहेत ते रेक्टरबाईंना सांगितलं होतं. वकीलने त्यांचं बोलणं त्यांना विचारून रेकॉर्ड केलं आणि मुद्देसूद, लांबलचक उत्तर लिहून पानावर टाकलं.

खाली लोकांनी लिहिलं, ‘निबंध छान. अक्षर सुधारा.’ ‘काका, किती पैसे घेतलेत?’ ‘एवढं लांब उत्तर खरं बोलणारा देतो का?’

किटलीने वायरमनचं नावसुद्धा घेतलं नाही. तिने पुढचा प्रश्न टाकला. ‘बरं, किटल्या सोडा. दर आठवड्याला प्राचार्यांच्या केबिनमध्ये दार लावून काय चालतं? हजेरी कमी असून परीक्षेला कशी बसते ही?’

वकीलने हजेरीचा पुरावा टाकला. कुणीतरी म्हणालं, हजेरी बनवता येते, ही कॉम्प्युटरचीच आहे. तिने केबिनच्या दाराला काच आहे हे दाखवायला दाराचा फोटो टाकला. त्या फोटोवर कुणीतरी बदामाचं चित्र काढलं आणि तो सगळीकडे फिरला. मेसमध्ये ती ताट घेऊन आली की बोलणं थांबायचं. एकदा मागून आवाज आला, “हळू बोल गं, रेकॉर्डिंग चालू असेल,” आणि टेबलभर हसू फुटलं. तीही हसली. हसल्याने फरक पडेल असं तिला वाटलं होतं.

“तू उत्तरं देणं बंद कर,” खोलीतली मैत्रीण म्हणाली.

“म्हणजे खरंय असं होईल.”

“नाहीतरी तेच होतंय.”

“तुलाही वाटतं का तसं?”

मैत्रीण केस विंचरत राहिली. “मला काही वाटत नाही बाई. मला सकाळी प्रॅक्टिकल आहे.”

त्यात घरचा फोन आला. मावशीच्या मुलाने सगळं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं.

“काय गं हे? केबिनमध्ये काय करतेस तू?” आई म्हणाली.

“आई, तूसुद्धा?”

“मी नाही विचारत, लोक विचारतायत. तुझी मावशी मला कशी बोलली माहितेय? खोटं असेल तर दाखव की त्यांच्या तोंडावर! अर्ध्या मार्कासाठी भांडायचीस, आता वाचा बसली?”

“दाखवता येत नाही, आई. दुसऱ्याचं आहे ते.”

“दुसऱ्याचं दुसरा बघेल. तुझं नाव जातंय.”

केबिनमध्ये चालायचं ते असं. मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीने तिला मेसेज केला होता. वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासताना सर मागे येऊन उभे राहतात, शिकवायच्या नावाखाली हात धरतात, सोडत नाहीत. वकील कित्येक आठवडे तेच घेऊन वर जात होती, नाव न सांगता. प्राचार्य नुकतेच कुठे ऐकू लागले होते. सरांची बॅच बदलून बघू, असं म्हणाले होते.

किटलीने लिहिलं, ‘एक तक्रार दाखव, जी तू खरंच वर नेलीस. एकच. आम्ही सगळे माफी मागू.’

वकीलने तो मेसेज उघडला. पाठवणारीचं नाव झाकलं, फोटो झाकला, नंबर आणि वेळही झाकली. फोनमधल्या काळ्या पेनाने झाकलं तर उजेड वाढवून खालची अक्षरं वाचता येतात, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने तो भाग कापूनच टाकला. पुन्हापुन्हा तपासलं. मग पानावर टाकला.

पहिला तासभर सुखाचा गेला. ‘सॉरी वकील.’ ‘आम्ही चुकलो गं.’ खोलीतल्या मैत्रिणीने येऊन मिठी मारली. “बघ, मी म्हणत नव्हते?” ती म्हणाली, आणि ती काय म्हणाली होती त्याची आठवण वकीलनेही करून दिली नाही.

मग मेकॅनिकलच्या एका मुलाने खाली एक ओळ लिहिली.

‘“मी डाव्या हाताने धरते म्हणून सर म्हणतात, पकड चुकते.” आमच्या शॉपमध्ये डावखुरी कितीजणी आहेत रे?’

एकच होती. शॉपमध्ये सगळ्या वाइस, म्हणजे लोखंड पकडायचे शिकंजे, उजव्या हाताच्या हिशोबाने लावलेल्या. ती कोपऱ्यातल्या वाइसला उलटी उभी राहून काम करायची आणि ते येता-जाता सगळ्यांना दिसायचं. वकीलने मेसेजमधलं ते वाक्य अनेकदा वाचलं होतं, पण त्या शॉपमध्ये तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिच्यासाठी डावा हात म्हणजे हात होता. नाव कापलं की माणूस झाकला जातो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डावखुरी शॉपमध्ये शिरली तेव्हा सगळ्या मुलांच्या कानशी डाव्या हातात होत्या. सर टेबलाशी बसले होते. तिने घासलेला तुकडा हातात घेऊन त्यांनी तो उजेडात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आता तुम्हाला कोण शिकवणार, मॅडम? जवळ आलो तर तक्रार, लांब राहिलो तर नापास.” मुलं खूप हसली. डावखुरीने कानस उजव्या हातात घेतली आणि तास संपेपर्यंत तशीच घासली. बोटांची सालं निघाली.

दुपारी ती वकीलच्या खोलीत आली. दार उघडंच होतं. हल्ली तिथे कुणी थांबत नव्हतं. उजव्या हाताला तिने रुमाल गुंडाळला होता.

वकील उठून उभी राहिली. “मी काढून टाकलाय तो. अगं, मला खरंच कळलं नाही—”

“लोकांकडे आहे तो. माझ्या दादाकडेसुद्धा आलाय. बाबा म्हणतायत, शिक्षण पुरे, घरी ये.”

“मी तुझ्या बाबांशी बोलते. आपण दोघी प्राचार्यांकडे जाऊ. आता तू स्वतः सांगितलंस तर—”

“तुझं बोलून झालं नाही का अजून?” डावखुरी म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. “मला काही नको. लिही की तो मेसेज खोटा आहे. तू बनवलास. मी तुला कधीच काही पाठवलं नव्हतं.”

“मग सर सुटतील.”

“सर सुटलेलेच आहेत. अडकलेय मी.”

“आणि मी?”

डावखुरीने तिच्याकडे नुसतं पाहिलं, मेसमध्ये जागा रिकामी आहे का ते बघावं तसं. “तुला काय,” ती म्हणाली, “तुला पुरावे करता येतात.”

वकीलने त्याच संध्याकाळी लिहिलं. मेसेज खोटा आहे. माझी बाजू भक्कम दिसावी म्हणून मी तो तयार केला. डावा हात कसा सुचला, तर वर्कशॉपच्या खिडकीतून एकदा कुणालातरी तसं काम करताना पाहिलं होतं. असं कुणी मानणार नाही, म्हणून मेसेज कसा बनवला तेही तिने पायरीपायरीने लिहिलं. कुठलं अॅप वापरलं, अक्षरांचा आकार कसा जुळवला, कडा कशा कापल्या. तिच्या सगळ्या उत्तरांत खोटं एवढंच होतं. तेवढंच लोकांनी शेवटपर्यंत वाचलं आणि मानलं.

किटलीने लिहिलं, ‘म्हटलं नव्हतं?’ त्यानंतर ते खातं बंद झालं. कोण होतं ते कुणालाच कळलं नाही आणि कुणाला जाणून घ्यायचंही नव्हतं.

प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी दार सताड उघडं होतं आणि आत वर्कशॉपचे सरही बसले होते. सरांची माफी मागायला लावली. तिने मागितली. “ठीक आहे, वय आहे,” सर म्हणाले आणि पाणी प्यायले. प्रतिनिधीपद गेलं, हॉस्टेलही गेलं. डावखुरीचे बाबा म्हणाले, खोटंच होतं तर मग शिकू दे.

आई-वडील न्यायला आले. वडिलांनी गादीची वळकटी केली, दोरीने करकचून बांधली आणि कपाटाचं सैल बिजागर जाता जाता घट्ट करून दिलं. आई पलंगाच्या उघड्या फळीवर बसून फोनवर खाली खाली जात होती.

“अजून लिहितच आहेत लोक,” ती म्हणाली. “आणि हिला बघ. सगळ्यात जास्त बदाम हिला.” आईने मोठ्याने वाचलं. “‘स्वतःला वाचवायला दुसऱ्या मुलीची अब्रू वापरलीस. तुझ्यासारखीला दारात उभं करायला नको.’”

आईच्या फोनवर त्या ओळीच्या वर तेच नाव होतं, जे वकीलने मेसेजवरून कापून टाकलं होतं. तिने बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली.

“खरं सांगू? बरोबर लिहिलंय पोरीने,” आई म्हणाली. “अशी पाहिजे मुलगी, स्पष्ट बोलणारी. कोण गं ही? तुझ्या ओळखीची आहे?”

वकीलने अडकलेलं कापड चेनमधून सोडवलं, चेन शेवटपर्यंत लावली आणि बॅग उचलली.

“नाही,” ती म्हणाली.