दिंडोशीतलं मायनिंग

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. बिल्डिंगमध्ये एक उत्साही माणूस असला की पुरतं. दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो मी.

*

ऑफिसातल्या विन्याने क्रिप्टो मायनिंगचं मशीन माझ्या गळ्यात मारलं. ते अहोरात्र गणितं सोडवणार, त्याबद्दल मला कॉइन मिळणार आणि मी नोकरी सोडून गावी आंबे खात बसणार, असा बेत होता. मशीन बेडरूममध्ये लावलं. आवाज असा, की कोणीतरी मिक्सर बंद करायला विसरलंय! माझी बायको सुजाता शांतपणे म्हणाली, "या खोलीत एकच जण घोरेल. कोण ते तू ठरव."

मशीन हॉलमध्ये गेलं.

*

हॉलमध्ये ते तापायला लागलं. पाहुणे घाम पुसत बसायचे आणि मी त्यांना सांगायचो, विजेची काळजी नको, गच्चीवर सोलर लावतोय. गच्ची सोसायटीची आहे, हे सासूबाईंनी चार लोकांत लक्षात आणून दिलं.

*

आमचे चेअरमन कांबळी सर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. एकदा लिफ्टपाशी गाठून म्हणाले, विजेसाठी एवढा कोळसा जाळून तू बनवतोस काय? मी तयारीतच होतो. बँकांना, एटीएमना वीज लागत नाही का, म्हणून लांबलचक ऐकवलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"लागते ना. पण तिथे पैसे तरी मिळतात."

माझ्या तोवरच्या कमाईत वडापावसुद्धा आला नसता.

*

जुलैत कपडे वाळेनात. सुजाताने मशीनसमोर दोरी बांधली आणि मुलीचा युनिफॉर्म बघता बघता खडखडीत वाळला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सावंतकाकू सादळलेले पापड घेऊन आल्या. मग अख्खा मजलाच आला. मी स्वतःच्या हॉलमधून वाकून चालायला लागलो. एकदा मशीन जरा बंद केलं, तर आतून सुजाता ओरडली, "बंद का केलंस? टॉवेल ओले आहेत अजून."

विन्याला यातलं काही सांगितलं नाही. त्याच्या लेखी मी क्रिप्टोत होतो.

*

शेवटी सरांनी सोसायटीची मीटिंग लावली. एका घराच्या हौसेसाठी एवढी वीज जाळणं बरं नाही, असं ते पोटतिडकीने बोलले. मला पटत होतं, म्हणून जास्तच लागलं. गावचे आंबे डोळ्यांसमोरून गेले. सगळ्यांसमोर शब्द दिला आणि घरी येऊन मशीनचा प्लग काढला. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की मला करमेना.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात कांबळी सर, दोन्ही हातांत एक लांबलचक ओलं कापड तोलून धरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मुलांची फेरी होती, फलक त्यांनी स्वतः रंगवला होता आणि या दमट हवेत रंग काही वाळत नव्हता.

ते सरळ आत आले. फलक दोरीवर पसरला. चिमटे सुजाताने दिले. मोठी लाल अक्षरं होती: ‘वीज वाचवा, वसुंधरा वाचवा’.

सर माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत म्हणाले, "तासभरच चालू कर."